बी साइडचं तिसरं गाणं

त्या सिनेमात आठ गाणी होती, आणि त्यातली पाच नसती तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. सिनेमाचं नाव सांगत नाही. तो ज्यांना आवडला होता ते लोक अजून आजूबाजूला आहेत, त्यांच्या लग्नाच्या व्हिडिओत तीच गाणी घातलेली आहेत, आणि माझ्यात आता भांडायचा दम राहिलेला नाही.

कॅसेटच्या ए साइडला चार, बी साइडला चार. ए साइडचं पहिलं हिरोच्या एंट्रीचं. ढोल, ताशा, शिट्ट्या, मागं पन्नास जण एकदम ओरडणारे. गायकाला श्वास घ्यायला जागा नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. दुसरं बर्फातलं. चाल बरी होती, पण प्रत्येक ओळ दोनदा म्हटलेली, आणि दुसऱ्यांदा का म्हटली हे शेवटपर्यंत कळत नव्हतं. तिसरी कव्वाली, म्हणजे संगीतकाराला आपण कव्वाली केली असं वाटत होतं. चौथं म्हणजे पहिल्याच गाण्याचं दुःखी रूप. चाल तीच, शब्द तेच, फक्त हिरोची दाढी वाढलेली आणि ढोलाच्या जागी सारंगी.

बी साइडचं पहिलं राखीपौर्णिमेचं. बहीण भावाला ओवाळताना इतकी रडते की निरांजन विझावं. दादानं आणि मी त्याला मिळून दोन मार्क दिले होते, प्रत्येकी एक. दुसरं नाचाचं, आणि त्याला मी मान देते, कारण ते आपण नाचाचंच आहोत हे लपवत नव्हतं. चौथं म्हणजे गाणं नव्हतंच, नुसतं संगीत. कॅसेटच्या कव्हरवर आठ आकडा दिसावा म्हणून घातलेलं.

राहिलं बी साइडचं तिसरं. ते आमचं होतं. आमचं अशासाठी की दौंडच्या ज्या टॉकीजला आम्ही सिनेमा पाहिला तिथं ते गाणंच नव्हतं. खेळाची वेळ जमवायला टॉकीजवाले एखादं गाणं कापायचे, आणि कापायचं तर शांत गाणं, हे ठरलेलं. त्यामुळे पडद्यावर त्या गाण्यात काय चाललंय हे आम्हाला कधीच कळलं नाही. दादा म्हणायचा, "ती दुपारची जोंधळं निवडीत बसली असंल." मी म्हणायचे, ती कुणाची तरी वाट बघत असेल. "मग वाट बघताना निवडंल की," तो म्हणायचा. "रिकामी कशाला बसंल?"

मी तेव्हा दौंडला शिकत होते, आधी बारावी आणि मग डी.एड. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. कुरकुंभला एका औषधाच्या कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर कामाला होता, कॉम्प्रेसरच्या खोलीत, तिन्ही पाळ्यांना. आमचं गाव कवठे येमाईच्या बाजूला. तिथून रोज येणंजाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं दौंडात रेल्वे लाइनच्या जवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि मला शिकायला तिथं नेलं. माझं शिक्षण त्याच्या पगारावर चाललं होतं. हे तो कधी बोलून दाखवायचा नाही. कामाला लागल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यानं घरात आणलेली पहिली वस्तू म्हणजे टेपरेकॉर्डर. गॅस त्याच्यानंतर आला.

आमच्या घरात कान हा गंभीर विषय होता. आप्पा गावातल्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे आणि दादा बेंजो, म्हणजे एका हातानं बटणं दाबायची आणि दुसऱ्या हातानं तारा छेडायच्या ते लांबुळकं वाद्य. पार्टी कुठंही गेली तरी सगळी वाद्यं सुरात लावायचं काम दादाचं. तो बेंजोच्या लाकडाला कान लावून, डोळे मिटून तार पिळायचा, आणि त्याचे डोळे उघडेपर्यंत मोठी माणसंसुद्धा खोकायची नाहीत. आप्पांना मी कुणाचं कौतुक करताना फारसं ऐकलेलं नाही. दादाबद्दल एकदा म्हणाले होते, "त्येनं लावलं की मग बघाया लागत न्हाई."

गुरुवारी कारखान्याला सुट्टी. मी दुपारी कॉलेजातून आले की जेवण करायचं, भांडी तशीच ठेवायची आणि कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. ऐकून झाली की प्रत्येक गाण्याला दहापैकी मार्क. कव्हरच्या आतल्या कोऱ्या बाजूला मी पेन्सिलीनं लिहायचे, माझे डावीकडं, त्याचे उजवीकडं. गाणी तीच असताना दर गुरुवारी नवे मार्क कशाला, असं शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं होतं. दादा म्हणाला, "काकू, भाजी बी तीच असती, पण रोज चाखून बघताच ना?"

नियम दोन होते. पहिला माझा. दहापैकी दहा कुणालाच द्यायचे नाहीत. दहा दिले म्हणजे बोलणंच खुंटलं, आणि मला बोलणं खुंटलेलं चालत नसे. दुसरा त्याचा. ज्यानं खोटे मार्क दिले त्यानं चहा करायचा. बर्फातल्या गाण्याला त्यानं एकदा आठ दिले तेव्हा मी त्याला तिथल्या तिथं पकडलं होतं. मार्क गाण्याला नव्हते, नायिकेला होते. मुकाट्यानं उठून त्यानं चहा ठेवला, वर आलंही किसून घातलं.

बी साइडच्या तिसऱ्याला आम्ही दोघांनी पहिल्याच गुरुवारी नऊ दिले. एकट्या बाईचा आवाज, हळू ढोलकी, लांबून बासरी. आणि प्रत्येक कडवं संपलं की ती थांबते. सगळंच थांबतं. त्या थांबलेल्या जागेत, अगदी वर, अगदी बारीक, एकच टिंग वाजतं, आणि मग ती पुन्हा गायला लागते. ते टिंग मला दिसलंच नव्हतं. दादानं दाखवलं. बोट वर करून म्हणाला, "आता ऐक. आता. हां. बाय, ज्यानं हे वाजवलं ना, त्यो दिवसभर नुसता बसून राह्यला असंल. गाण्यात तीन टायमाला त्येचं काम. पण त्यो नसता तर गाणं पडलं असतं." नंतर कितीतरी दिवस मी ते गाणं त्या तीन टिंगांसाठीच ऐकत होते.

दुसऱ्या वर्षी त्यानं त्याच गाण्याला सात दिले. मला वाटलं, चिडवतोय. पुढं पाच झाले.

"ह्यात हाय काय एवढं?" तो म्हणाला. "बाई थांबती आन् परत म्हणायला लागती. मधी नुसतं गप."

"गप कुठं आहे? टिंग आहे ना मधे. तूच दाखवलंस."

"व्हतं की. पण आता कॅसेट घासली आपली."

मी हट्टी. स्टेशनजवळच्या दुकानातून तीच कॅसेट नवी आणली आणि पुढच्या गुरुवारी लावली. दादानं बेंजो लावताना वाकायचा तशी मान वाकवली, डोळे मिटले आणि ऐकलं. "हां, आता हाय," म्हणाला, आणि सहा दिले. माझ्या लक्षात यायला हवं होतं. सहा कशाचे? टिंग ऐकू आलं असतं तर नऊ, नसतं आलं तर पाच. सहा म्हणजे सरळसरळ चहा करायची वेळ होती. पण मी त्याच्याशी वाद घालण्यात इतकी रमले होते की पकडायचं राहून गेलं.

त्याच सुमाराला ए साइडचं पहिलं गाणं वर चढायला लागलं. ज्या ढोलताशाला आम्ही दोघांनी तीन दिले होते त्याला तो आधी सहा आणि मग आठ द्यायला लागला. आवाजही वाढवायला लागला, इतका की घरमालकिणीनं दोनदा येऊन सांगितलं. मी त्याला चांगलंच झापलं. म्हटलं, कंपनीतल्या पोरांबरोबर राहून तुझी आवड पार बिघडली. आप्पांनी शिकवलेलं सगळं तू त्या कॉम्प्रेसरच्या खोलीत टाकून आलास. हे शेवटचं वाक्य मी शब्दशः असंच बोलले होते. मला ते तेव्हा फार छान जमल्यासारखं वाटलं होतं.

मग एका गुरुवारी त्यानं बी साइडच्या तिसऱ्याला तीन दिले. राखीच्या गाण्याहून दोनच जास्त. मला इतका राग आला की त्या तिनापुढं मी 'बहिरा' असं लिहिलं. बाकी सगळं पेन्सिलीनं होतं, हे पेनानं लिहिलं. त्यानं कव्हर हातात घेतलं, वाचलं आणि हसला. "बराबर हाय," म्हणाला.

खरं तर सगळं समोर होतं. त्याच्या मनगटावरचं घड्याळ दर तासाला बारीक वाजायचं आणि पहाटेच्या गजरालाही तेच होतं. पहिल्या पाळीला तो त्या गजरावर उठायचा. आता तो मलाच सांगायला लागला, बाय, तू उठव. मी कुरकुर करत उठवायचे. आळशी झालाय, असं मी ठरवून टाकलं होतं. कारण त्याला ऐकू येत होतं. मालगाडी यार्डात शिरली की तो खोलीत बसून डबे मोजायचा. शेजारच्या काकांशी भिंतीआडून गप्पा मारायचा. जाड आवाज सगळे येत होते. बारीक आवाज एक एक करून गेले होते, आणि पहिलं गेलं ते टिंग.

कळलं ते गावी, एप्रिलमध्ये. जयंतीला विहारासमोर मांडव घातला होता आणि गायन पार्टी आमचीच होती. मी बायकांत पुढं बसले होते. दादानं नेहमीप्रमाणे लाकडाला कान लावला, तारा पिळल्या, डोळे उघडले आणि आप्पांकडं बघून मान हलवली. सगळं लावून झालं, सुरू करा, अशी. मग त्यानं पहिला सूर छेडला. वरची तार चढलेली होती. थोडी नाही, शेजारी बसलेल्या लहान पोरांनीही तोंड वाकडं करावं इतकी.

आप्पांचा हात ढोलकीवर थांबला. त्यांनी दादाकडं बघितलं. दादा खुशीत होता. त्याचा चेहरा काम नीट झालेल्या माणसाचा होता. आप्पांनी ढोलकी सुरू केली, आणि त्या दिवशी ते जितकं जोरात वाजवत होते तितकं मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. वरची तार लपावी म्हणून ते सगळा कार्यक्रमभर वाजवत राहिले. शेवटी त्यांची बोटं सुजली. लोक म्हणाले, माइक बरा नव्हता. आम्ही पण म्हणालो, माइकच बरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आप्पा आम्हाला शिरूरच्या स्टँडवर सोडायला आले. दादा तिकडं दौंडच्या गाडीची चौकशी करायला गेला तेव्हा ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाय, तू त्येच्यासंगं राहतीस. त्येला ऐकू येतंय का गं?"

मला फक्त ते कव्हर दिसत होतं. नऊ, सात, पाच, सहा, तीन. दोन वर्षं मी दर गुरुवारी त्याच्या कानाची नोंद ठेवत होते, स्वतःच्या अक्षरात, आणि वर शेरा मारून ठेवला होता.

गुरुवारी मी टेप लावला आणि म्हटलं, "दादा, टिंग आलं की बोट वर कर." त्यानं बरोबर वेळेला बोट वर केलं. तिन्ही वेळेला. माझा जीव भांड्यात पडला. मग कॅसेट मागं घेऊन मी त्याच्या पाठीमागं जाऊन उभी राहिले. टिंग वाजलं. बोट खालीच. दुसरं वाजलं. बोट खालीच. तिसऱ्याच्या आधीच दादानं टेप बंद केला.

"म्होरं उभी हुतीस तवा तुझं डोळं हलत हुतं," तो म्हणाला. "कंपनीत बी असंच जमवलं. कानाची तपासणी असती. काचंच्या खोलीत बसवत्यात, कानाला हेडफोन. आवाज आला की बोट वर. बाहेरची बाई बटण दाबायची तवा तिचा खांदा हलायचा. म्या खांद्याकडं बघून बोट केलं. फिट लिहिलं तिनं."

हे सांगताना तो थोडा हसत होता. हुशारी केल्याचं हसू. मी रडायला लागले आणि मग ओरडायला लागले. कानात घालायचे बोळे देत नाहीत का? देतात, म्हणाला, पण ते घातले की मशीनचा आवाज बदललेला कळत नाही, आणि तो कळला नाही तर शेजारचा माणूस जिवाला मुकेल. मग साहेबांना सांग, दुसरीकडं टाकतील. "मी काय पर्मनंट हाय का? अनफिट लिहिलं की दुसऱ्या दिशी गेटावर पास चालत न्हाई." मग सोड. गावाला चल. त्यानं माझ्या पुस्तकांकडं बघितलं. "तुझं एक वरीस राह्यलंय ना? त्येवढं हू दे. मग बघू."

मी कारखान्याच्या साहेबांना पत्र लिहायला घेतलं होतं. अर्ध्यावर आले आणि कळलं की हे पत्र पोचलं तर दादाची नोकरी जाणार, आणि नाही पोचलं तर कान जाणार. पत्र फाडून चुलीत घातलं असतं, पण आमच्याकडं गॅस होता. तुकडे तसेच वहीत ठेवून दिले. मी कापूस आणून त्याच्या डब्यासोबत द्यायचे. तो माझ्यादेखत कानात घालायचा आणि कोपऱ्यावर गेल्यावर काढायचा. मी खिडकीतून बघायचे. त्यालाही माहीत होतं की मी बघते आहे.

ते एक वर्ष मी कसं शिकले हे मला सांगता येणार नाही. वर्गात बसले की वाटायचं, आत्ता तो त्या खोलीत उभा आहे. मी उठून चालू लागले तरी काही बदलणार नव्हतं आणि नापास झाले तर त्याला आणखी एक वर्ष तिथं उभं राहावं लागणार होतं. म्हणून पास झाले, तेही चांगल्या मार्कांनी. निकालाच्या दिवशी दादानं पेढे वाटले.

मला नोकरी लागली ती तळेगाव ढमढेरेच्या बाजूच्या शाळेत. मला वाटलं, आता तो सोडेल. पण तोवर त्याचं लग्न झालं, पाठोपाठ दोन मुली झाल्या. "मग बघू" हे दर वर्षी पुढं जात राहिलं, आणि दर वेळेला कारण खरंच असायचं. शेवटी त्याला खांद्याकडं बघूनही जमेनासं झालं तेव्हा ठेकेदारानं दुसरा माणूस घेतला. शिरूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गेलेलं परत येत नाही, राहिलंय तेवढं सांभाळा. कानाचं मशीन घेतलं. त्यातून भांडी वाजतात, माणसं वाजत नाहीत, असं तो म्हणायचा. मशीन बहुतेक वेळ खिशातच असायचं.

दोन हजारच्या पुढचं सांगते आहे. घरोघरी सीडी आल्या होत्या. आमच्या टेपचा पट्टा कधीच तुटला होता, कॅसेट माझ्या कपाटात होती. एका सुट्टीच्या दुपारी दादा तळेगावला माझ्याकडं आला, आणि काखेत बेंजो. पार्टीत तो आता वाजवत नव्हता. आप्पांनी त्याला नको म्हटलं नव्हतं. तोच एका वर्षी मागच्या रांगेत जाऊन टाळ घेऊन बसला होता.

"बस," म्हणाला. "तुला एक ऐकवतो. म्हैनाभर बसवलंय."

त्यानं बेंजो मांडीवर घेतला आणि लाकडाला कान नाही, दात लावले. दातातून थोडं कळतं म्हणाला. तारा पिळल्या. मी समोर बसले होते. दे, मी लावते, एवढंच म्हणायचं होतं. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघून ते तोंडातून निघालं नाही.

मग त्यानं बी साइडचं तिसरं वाजवलं. बोटं एकदाही चुकली नाहीत. एकही बटण इकडचं तिकडं नाही, कडवं संपल्यावर थांबला तोही बरोबर तेवढाच. आणि त्या थांबलेल्या जागेत त्यानं शेवटचं बटण दाबून वरची तार एकदाच छेडली. ते टिंग त्यानं इतक्या वर्षांत डोक्यात जपून ठेवलं होतं. तार मात्र पार उतरलेली होती, आणि बाकीच्या तारा एकमेकींशी भांडत होत्या. शेजारची बाई दारात डोकावून गेली. मी मान हलवत बसले.

वाजवून झाल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं. "किती?"

मी दोन्ही हात वर केले, सगळी बोटं उघडून.

तो माझ्या हातांकडं बघत राहिला. मग बेंजो हळूच खाली ठेवला.

"दहा?" दादा म्हणाला. "म्हंजी लईच बिघडलं असंल."

मी उठले आणि चहा ठेवायला आत गेले.